काळुरामची तिवरं

पुंडलिकाच्या शेताला लागूनच, पण खाडीच्या बाजूला, काळुरामचं शेत. दहा वर्षांपूर्वी उधाणात काळुरामचा बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं, आणि त्यानं पुन्हा मातीचं एक ढेकूळही टाकलं नाही. शेतात तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, माजली. पुंडलिक मात्र दरसाल गुडघाभर चिखलात उभा राहून आपला बांध लिंपायचा, भात पिकवायचा आणि काळुरामच्या आळसाला नावं ठेवायचा.

मग सरकारची योजना आली. खासगी जमिनीतली तिवरं राखणाऱ्याला दरसाल मोबदला! काळुरामच्या शेतात पाटी लागली, पेणहून साहेब येऊन फोटो काढून गेले, ग्रामसभेत त्याला पुढची खुर्ची मिळू लागली. पुंडलिकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"राबला तो येडा आनि झोपला तो शाना!" तो बायकोला, ठमाबाईला, रोज ऐकवायचा. एकदा तर कोयता घेऊन तिवरांपर्यंत जाऊन आला. हात मात्र उचलला नाही.

यंदा माघात, योजनेचा खरा फायदा किती हे मोजायला सरकारनं पाठवलेली रोह्याची नमिता आली. ती काळुरामकडे जाईल असं पुंडलिकाला वाटलं, तर ती ह्याच्याच ओट्यावर बसली.

"काका, शेजारी तिवरं वाढल्यापासून तुमचा काय फायदा झाला?"

"माझा? कवडीचा नाय."

"बांध किती वेळा फुटला?"

पुंडलिक बांधाकडे बघू लागला. खरं सांगावं, तर काळुरामच्या झाडांची किंमत आणखी वाढणार.

"सात वर्सांत एकदाबी नाय, गो," आतून ठमाबाई बोलली. "त्याआधी दर उधाणाला बांधाला खांड पडायची, अर्धं भात जायचं. आता लाटांचा जोर तिवरंच खातात."

"काका, हे लिहू?"

तो कितीतरी वेळ नखानं ओट्याचं सारवण उकरत राहिला. "लिव," शेवटी म्हणाला. "पन बांध मी घालतो, तेबी लिव."

तिनं तेही लिहिलं.

पावसाआधी ग्रामसभेत अहवाल वाचला गेला. तिवरांमुळे पुंडलिकाचं किती भात बचावलं, तो आकडा ऐकून काळुराम खुर्चीवरून उठला आणि त्यानं येऊन पुंडलिकाचे दोन्ही हात धरले. पुंडलिकानं ते सोडवून घेतले नाहीत, पण नजरही वर केली नाही.

आषाढात त्यानं बांधाबाहेरच्या आपल्या पडीक पट्टीत तिवरांची रोपं खोचली.

"कालुच्यापेक्षा दाट झाली पायजेत," त्यानं ठमाबाईला बजावलं.