माघारीचा दिवस

भाऊबीजेला संध्याकाळ झाली तरी अभिमन्यू आला नाही. वैजयंतीचा हा धाकटा भाऊ. तिचा नवरा गेला तेव्हा तिला आणि लहानग्या युवराजला त्यानंच गावाकडं आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. युवराज बारावी झाला तो मामाच्या घरात. मग कॉलेजसाठी मायलेक सोलापूरला आले, तिनं जुळे सोलापुरात ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. मतदान मात्र दोघांचं गावातच राहिलं, आणि तिथंच घात झाला.

गावाकडं पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याचं चालायचं. कारखाना त्यांचा, कॉलेज त्यांचं, आमदारकीही त्यांचीच. यंदा विधानसभेला त्या घरात फूट पडली. काका पक्षाकडून उभे राहिले, पुतण्यानं अपक्ष अर्ज भरला. अभिमन्यू काकांचा, म्हणजे थोरल्या मालकांचा, जुना माणूस. युवराज पुतण्याच्या, दादांच्या मागं. दसऱ्यानंतर युवराजनं मोबाइलवर स्टेटस ठेवलं, 'थोरल्यांकडची म्हातारी माणसं सतरंज्या उचलायच्याच लायकीची.' लिहिताना मामा डोळ्यापुढं नव्हता म्हणे. मामानं ते वाचलं आणि भाच्याचा फोन घेणं बंद केलं. बहिणीशी बोलायचा, पण कामापुरतं. भाऊबीजेला तिनं विचारलं तर म्हणाला, "गावात मीटिंग हाय, आक्का."

निवडणूक निकालाच्या दिवशी संपेल, पण हे संपेल का, याची तिला धास्ती होती. बापाविना पोराला बापाच्या जागी एक माणूस मिळाला होता. तोही गमवायचा?

दुसऱ्याच दिवशी अर्ज मागं घ्यायची मुदत होती. युवराज सकाळीच गळ्यात उपरणं घालून निवडणूक कार्यालयाबाहेर घोषणा द्यायला गेला. दुपारी तीनला मुदत संपायच्या जरा आधी दादा आत गेले, सही करून बाहेर आले. संध्याकाळी काका पुतण्याला पेढा भरवतानाचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. युवराज घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. पोराची कीव आली तिला. मनातून जरा बरंही वाटलं, आणि त्याची लाजही.

"दादांनी माघार घेतली," ती म्हणाली. "तू कधी घेणार?"

"मी कुठं उभा होतो?"

"मामाच्या विरोधात उभा होतास की. त्यांच्या घरात समेट झाला. आपल्या घरात कोण करणार, ते येऊन?"

 सकाळी गावाकडची एसटी लागली तेव्हा तिच्या आधी चढून त्यानं दोघांची जागा धरली होती.

अभिमन्यू ज्वारी कोळपत होता. भाच्याला बघूनही त्यानं बैल थांबवले नाहीत, ओळ संपवूनच बांधावर आला. युवराज खाली मान घालून म्हणाला, "मामा, चुकलो. मी माघार घेतो."

अभिमन्यूनं टोपी काढून तोंड पुसलं. "मुदत कालच संपली की रं. तीनला."

युवराजचा चेहरा उतरला. मग मामाच्या मिशीत हसू दिसलं.

"आरं, आमाला तरी कुटं कुणी इचारलं? उभी हयात त्यांच्यापायी गावात वैर घेतलं, आन् गोड झाल्याचं आमाला फोटोत कळलं. तू दादाच्या नादी, मी मालकाच्या. जास्त येडं कोण, ते तुजी आईच सांगंल."

"दोघंबी," म्हणत वैजयंतीनं पिशवीतून निरांजन काढलं. भाऊबीज होऊन गेली की, असं अभिमन्यू म्हणाला, तेव्हा तिची मुदत वाढवून दिलीय, असं ती म्हणाली. त्याला बांधावर पोत्यावरच बसवलं. वाऱ्यानं वात राहीना, तशी युवराजनं दोन्ही हातांचा आडोसा धरला.

जेवताना विषय पुन्हा निघालाच. आता दादांना काय मिळणार? मामा म्हणाला कारखाना, भाचा म्हणाला काहीच नाही. बघता बघता दोघांचे आवाज चढले. वैजयंतीच्या हातातला घास थांबला. तेवढ्यात अभिमन्यूनं बोलता बोलता आपली भाकरी मोडून अर्धी युवराजपुढं ठेवली, आणि युवराजनं वाद न थांबवता ती उचलली. तिनं शेंगाचटणी दोघांच्या मधे सरकवली.