सुनंदाताई आणि उघडलेलं पान

सुनंदाताईंना रुग्णाचं नाव मोठ्यानं घेतलेलं मुळीच खपत नसे. आर्णीकडच्या आमच्या दवाखान्यात त्या रेकॉर्ड सांभाळायच्या, मी कॉम्प्युटर. मी खिडकीतून नाव पुकारलं की त्या वस्सकन अंगावर यायच्या. "काहून बोंबलून राह्यला रे? त्याचं दुखणं गावाले दाखवतं का?"

कपाशीवर बोंडअळी पडायची ती वर्षं. फवारणीतून विषबाधा झालेल्यांची रांग हटत नव्हती. त्या गर्दीत फोन आला, "जिल्ह्यावरून बोलतोय. मशीन दुरुस्त करायचंय, पासवर्ड सांगा." आवाज साहेबी होता. आपल्याकडे साहेबाला उलटं विचारायची रीतच नाही. मी उभा राहून, 'हो सर, हो सर' करत सांगून टाकला. थोड्या वेळानं पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला, रुग्णांची पानं उघडू लागली. मी ठोंब्यासारखा बघत बसलो. ताईंनीच धावत येऊन भिंतीतली वायर उपसली.

"काय गेलं?"

"काहीच नाही ताई, सगळं जागेवर आहे."

"कागद चोरला तं जागा खाली दिसते. हे तं सारं असूनही गेलं ना रे!"

डॉक्टरांनी वर कळवलं, पासवर्ड बदलला. ताईंना मात्र चैन पडेना. उघडलेल्या पानांत एका नव्या सुनेचं पान होतं. लग्नाआधी, माहेरी असताना, तिनं फवारणीचं औषध पिऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. ते तिनं फक्त आमच्या डॉक्टरांना सांगितलं होतं, सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं. ताई माझ्या गाडीवर बसून थेट तिच्या वावरात गेल्या. तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, आमच्या हातून तुह्यं नाव बाहेर गेलं. तुले माहीत असलं पाह्यजे."

"कोणाले सांगतीन ते?" ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीनंतर ती तापानं फणफणत आली आणि खिडकीवर तिनं भलतंच नाव सांगितलं. नव्या नावाचं पान कोरं. जुन्या पानावर मात्र लिहिलेलं होतं, एक इंजेक्शन तिला चालत नाही, मागं त्यानं तिचा श्वास अडकला होता. मी तोंड उघडणार, तोच ताईंनी माझा हात दाबला. "बाई सांगते तेच नाव लिही." आणि स्वतः उठून डॉक्टरांच्या कानात इंजेक्शनचं सांगून आल्या. नव्या पानावर मात्र ते लिहू दिलं नाही, दोन पानं जुळली की तिचं नाव पुन्हा उघडं.

पुढं तसंच चाललं. ताई निवृत्त झाल्या, मग वारल्या, त्यालाही बरेच दिवस झाले. ती बाई अजून येते, त्याच खोट्या नावानं. आता त्या इंजेक्शनचं डॉक्टरांना मी सांगतो. नवे डॉक्टर आले की पुन्हा सांगतो. पण एक दिवस रजा घ्यायची म्हटली तरी धीर होत नाही. ती नेमकी त्याच दिवशी आली तर?