काकासाठी मी वापरत आले तो शब्द

त्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, काकाला नेमकं काय झालं होतं? मी सरळ सांगितलं, तो रिटार्डेड होता. पडद्यावर तुमचे चेहरे थांबले. मला वाटलं नेट गेलं. मग धाकटी हळूच म्हणाली, "आजी, असं नाही म्हणायचं. इथे ती शिवी आहे." तुम्ही लवकर फोन ठेवलात. त्यानंतर तीन रविवार फोन आला नाही. परीक्षा असतील. पण आजीने स्वतःच्या मुलाला शिवी दिली, असं मनात धरून तुम्ही बसू नये, म्हणून लिहिते.

तो शब्द मला डॉक्टरांनी दिला. काका तेव्हा चार वर्षांचा होता. गल्लीत त्याला येडा म्हणत. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं, आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मला ते स्वच्छ वाटलं, एखाद्या आजाराचं नाव असावं तसं. त्यात कोणी हसत नव्हतं. पुढे प्रत्येक अर्जावर मी तो शब्द सुवाच्य अक्षरात लिहिला. सर्टिफिकेट लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलं.

माझं माहेर अकोल्याचं. अमरावतीहून काका आणि मी एसटीने तिकडे जायचो. काका तिशीत असतानाची गोष्ट. बसमध्ये शेजारची बाई त्याच्याकडे बघत मला म्हणाली, "काहून वो बाई, पोरगा असा काहून बोलते? येडा हाय का?"

"रिटार्डेड आहे," मी म्हणाले. ती गप्प झाली. इंग्रजी ऐकलं की लोक गप्प होत, आणि मला तेवढंच हवं असे.

मूर्तिजापूर मागे पडल्यावर काका म्हणाला, "आई, तसं नोको सांगत जाऊ."

"मग काय सांगू?"

"माहा पोरगा हार करते म्हून सांग."

तो फुलवाल्याकडे कामाला होता, बोलीही तिथलीच उचललेली. झेंडूचे हार असे एकसारखे करी की लग्नसराईत मालक त्याला सुट्टी देत नसे.

मी "बरं" म्हणाले. परतीच्या बसमध्ये सवलतीच्या तिकिटासाठी दाखवलेलं सर्टिफिकेट उलटसुलट करून कंडक्टरने विचारलं, "काय हाय याले?" मी पुन्हा तोच शब्द सांगितला. विसरले नव्हते. हार करतो म्हटलं तर कंडक्टर हसेल, असं वाटलं. काका बडनेऱ्यापर्यंत खिडकीकडे तोंड करून बसला.

पुढे त्याने तो विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही. आता त्याला जाऊन दोन वर्षं झाली. घरात विचारायला कोणी नाही. माझं चुकलं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. फक्त ते मला सांगणारे तुम्ही पहिले नाही.