पनवेलचा पहिला प्रयोग

खोबरेल तेलाचा वास आला की मला पनवेलच्या नाट्यगृहातला माझा पहिला प्रयोग आठवतो. तोवर मी सुकापूरच्या सोसायट्यांमध्ये वाढदिवसांना जोकर व्हायचो आणि तोंडावरचा रंग त्याच तेलाने पुसायचो. नाटकात मात्र मला मुलगी गमावलेल्या बापाचं काम मिळालं होतं. पडदा उघडला, मी दोन पावलं पुढे आलो आणि दुसऱ्या रांगेतून एक चिमुरडी ओरडली, "आई, तो बघ आपला जोकर!" सगळं नाट्यगृह खो खो हसलं. सवयीने वाकून सलाम ठोकावा, असं वाटून गेलं. तेवढ्यात विंगेतून पडदा ओढणारे काका हळूच म्हणाले, "हसू दे त्यांना. तुमी हलू नका, गप होतील." मी हललो नाही. हातातला छोटा फ्रॉक सावकाश घडी करत राहिलो. हसू हळूहळू विरलं, मग कुणी खोकलंसुद्धा नाही, आणि त्या शांततेत मी माझं पहिलं वाक्य बोललो. आजही एखाद्या रविवारी मी वाढदिवसाला जातो, पण काय करता असं कुणी विचारलं, तर न अडखळता सांगतो, "मी नट आहे."