न पळणाऱ्या सिस्टर

सिस्टर कधी पळायच्या नाहीत. ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या बाईबद्दल हे ऐकून कुणालाही नवल वाटेल, पण इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही पळताना पाहिलं नाही. गाडी थांबली की दार उघडायचं, पिशवी खांद्याला लावायची आणि भाजी संपायच्या आत बाजार गाठायला निघालेल्या बाईसारखं भराभर चालत सुटायचं. लोक हातवारे करत ओरडायचे, "सिस्टर, पळा की! लवकर!" त्या मानही न वळवता म्हणायच्या, "पळून पडलं की दोन पेशंट हुतात. गाडीत जागा एकाचीच हाय."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या या चालण्याचा मला भयंकर राग आला होता. बेळगावहून जांबोटीच्या पुढं आमची वाडी. गाडीरस्ता ओढ्यापर्यंत, तिथून घरापर्यंत चढाची पायवाट. आप्पा, म्हणजे माझे वडील, फणस काढायला झाडावर चढले होते. फांदी मोडली आणि फणसासकट खाली आले. उताणे पडले होते, डोळे उघडे, तोंडातून एवढंच येत होतं, "मानंत काय तरी झालंय गं." शेजारपाजारचे जमले. कुणीतरी घोंगडं आणलं; त्यात गुंडाळून रस्त्यापर्यंत न्यायचं ठरलं. दोघांनी आप्पांच्या बगलेत हातही घातले. तेवढ्यात ओढ्याकडून एक बुटकी, चष्मा लावलेली बाई चढ चढून येताना दिसली. चालत! माझे वडील मरायला टेकलेत आणि ही चालत येतेय.

पण ती आली ती मात्र वेळेवर. दुरूनच तिनं हात वर केला आणि म्हणाली, "कुणीबी हलवायचं न्हाय त्यास्नी." आवाज चढवला नव्हता, तरी सगळे मागे सरले. तिनं आप्पांच्या डोक्याशी गुडघे टेकले, हातापायाची बोटं हलवायला लावली आणि माझ्याकडं पाहिलं.

"तुझं कोण हे?"

"वडील."

"मग हिकडं ये. डोकं दोन्ही हातांत धर. असं. आता हे डोकं तुझ्याकडं दिलंय. मी सांगेपर्यंत सोडायचं न्हाय. रडायला आलं तर रड, पण हात हलले न्हाय पायजेत."

मी धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत गेलं, पण हात हलले नाहीत. कॉलर बांधून, पाठीखाली फळी सरकवून, पट्टे आवळून झाल्यावरच त्यांनी माझे हात बाजूला केले. बेळगावात डॉक्टर म्हणाले की मानेचं हाड तडकलंय. घोंगड्यात दुमडून आणलं असतं तर हातपाय कायमचे गेले असते. आप्पा आजही भाताच्या शेतात स्वतःच्या पायांनी उतरतात. मला सिस्टरांबद्दल जे काही वाटतं, त्याची सुरुवात इथं आहे.

त्याच दिवशी, बेळगावच्या वाटेवर, गाडीत मी त्यांना विचारलं, "सिस्टर, हे काम शिकायला काय लागतं?"

आप्पांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरची नजर त्यांनी काढली नाही. "वय अठरा पुरं. पीयूसीला सायन्स, त्यात बायॉलॉजी. डोळं चांगलं, पाठ चांगली. कन्नड बोलता आलं पायजे. तुझी पीयूसी झाली?"

"झाली. अकरावी-बारावी आर्ट्स."

"मग न्हाय चालत," त्या म्हणाल्या आणि आप्पांच्या अंगावरची चादर नीट केली. गोड बोलून ताटकळत ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण हातपाय गाळून सोडून देणंही नव्हतं. आप्पा अजून वॉर्डात होते तेव्हा एक दिवस त्या आपणहून आल्या. ॲम्ब्युलन्सच्या कामाचा कोर्स त्याच हॉस्पिटलचा होता, ऑफिसात जाऊन त्यांनी चौकशी केली होती. "दहावीच्या मार्कांवर पण घेतात. कोर्स वर्षानं लांबतोय, एवढंच. दहावीला सायन्सला कसे हुते मार्क?"

"बरे होते."

"बरे म्हणजे?"

"वर्गात दुसरी आले होते."

"मग तसं सांग की! आर्ट्स का घेतलंस गं मग?"

मी खरं ते सांगितलं. सायन्सचं कॉलेज बेळगावात, प्रॅक्टिकलला रोज जायला हवं, आणि आमच्या वाडीची बस कधी यायची, कधी नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे तुझं शिक्षण बसनं ठरवलं व्हय," असं म्हणाल्या आणि निघून गेल्या. मला ते वाक्य टोचलं. घरी आल्यावरही ते टोचतच राहिलं. शेवटी मी बेळगावातच वडगावला मावशीकडं राहायला गेले. मावशीच्या घरी माग चालायचे, खटखटाटात आपला आवाज आपल्याला ऐकू यायचा नाही, पण तिथून हॉस्पिटल जवळ होतं.

आता अडलं कन्नडवर. शाळेत शिकले होते, वाचता यायचं. पण बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. सिस्टर राहायला निपाणीला. माहेर चिकोडीकडचं, कन्नड, सासर मराठी. रागावायच्या कन्नडमध्ये आणि समजूत घालायच्या मराठीत. सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं आणि शिकवणीची पद्धत अशी की स्वतः कॉटवर आडव्या व्हायच्या, पोट धरायच्या आणि कन्नडमध्ये विव्हळायच्या. मी विचारायचं, "एल्लि नोवु?" कुठं दुखतंय? एकदा त्या इतक्या मन लावून विव्हळल्या की शेजारच्या काकू हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या. सिस्टर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "काय न्हाय वैनी, हिची परीक्षा चाललीया."

मी व्याकरण विचारायला लागले की त्यांना आवडायचं नाही. "आधी 'हेदरबेड्री' शीक. म्हणजे भिऊ नका. क्रियापदं मग बघू. माणूस घाबरला की शिकलेली भाषा इसरतो, आईचीच बोलतो. आपल्या गाडीत मराठी आई असलेला येतोय, कन्नड आई असलेला येतोय. तुला दोघांशी बोलता आलं पायजे." आमच्या भागात भाषेवरून किती काय काय होतं ते मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण त्या प्रश्नाचं इतकं साधं उत्तर दुसऱ्या कुणी मला दिलेलं नाही.

निवडीच्या दिवशी मार्कांची छाननी झाली, डोळे तपासले, वजन, उंची झाली. मुलाखतीत एका डॉक्टरांनी विचारलं, या क्षेत्रात का यायचं आहे? मी पाठ केलेलं सेवेबद्दलचं उत्तर सुरू केलं. सिस्टर टेबलाच्या कडेला बसल्या होत्या. "सेवा ऱ्हाऊ दे जरा," त्या म्हणाल्या. "रक्त बघून उलटी आली तर काय करशील?"

"बाजूला तोंड करून ओकीन," मी म्हटलं, "आणि परत कामाला लागीन."

सगळे हसले. मला वाटलं, झालं आपलं काम. पण शेवटची परीक्षा जिन्याची होती आणि ती सिस्टरांच्या हातात होती. वाळू भरलेला माणसाएवढा पुतळा स्ट्रेचरवर बांधायचा आणि दोघांनी मिळून वरच्या मजल्यावर न्यायचा. मी खालच्या बाजूला होते. वळणावर माझी कंबर लचकली, स्ट्रेचर कलंडलं आणि पुतळ्याचं डोकं भिंतीवर आपटलं. सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या जोडीला हाक मारली. मी नापास झाले. ज्यांनी मला इथवर आणलं त्यांनीच नापास केलं.

मी वाडीवर परतले. तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, लगेच विषय काढला. "बाईमाणसाचं काम हाय का ते? मढी उचलायची! पोरगं बघूया आता." आप्पा मान चोळत बसून होते. जिन्यावर पुतळ्याचं डोकं आपटलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

त्यानंतरच्या रविवारी सिस्टर आमच्या दारात उभ्या. जांबोटीपर्यंत बसनं आणि पुढं पायी. पाणी प्यायल्या आणि सरळ आप्पांना म्हणाल्या, "तुमच्या पोरीला मीच नापास केलंय. चढावर तिच्या हातात उद्या तुमच्यासारखाच कोण तरी असंल. त्यो भिंतीवर आपटलेला मला चालायचा न्हाय."

आप्पा म्हणाले, "बरोबर केलासा."

"पण तिच्यात ताकद हाय. उचलायचं कसं तेवढं कळंना झालंय तिला." मग त्यांनी बांबू मागितले, घोंगडं मागितलं आणि अंगणातच स्ट्रेचर बांधलं. आता झोपणार कोण? सिस्टरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती तात्यांच्या पोटावर येऊन थांबली.

"तात्या, तुमचं वजन बरं हाय. तुमीच झोपा."

पाहुण्या बाईसमोर ते मुकाट्यानं आडवे झाले. एका टोकाला आई, एका टोकाला मी. "कंबरेतनं वाकू नको. गुडघ्यात बस. पाठ सरळ. बांबू अंगाजवळ घे. आता मांड्यांच्या जोरावर उठ." पहिल्यांदा तात्या हातभर वर गेले आणि आई हसायला लागली म्हणून खाली आले. मग पुन्हा. मग ओढ्यापासून घरापर्यंतचा चढ. वाडीतली सगळी माणसं दारात येऊन बघत होती. तात्या आभाळाकडं डोळे लावून पडले होते आणि दोन्ही हातांनी बांबू घट्ट धरून म्हणत होते, "हळू गं पोरी, हळू." वर पोचल्यावर ते उठून बसले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "काय हाललो न्हाय की मी!" पोरगं बघायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट पुढं कित्येक महिने संध्याकाळी शेतावरून आले की स्वतःच विचारायचे, "आज उचलायचं न्हाय व्हय?"

पुढच्या तुकडीच्या निवडीला मी तोच जिना तोच पुतळा घेऊन चढले. सिस्टरांनी काही कौतुक केलं नाही. "बूट बदल, तळ घसरतोय," एवढंच म्हणाल्या. तेच मला कौतुक वाटलं.

शिकताना त्यांनी मला जे दिलं त्यातलं बरंचसं पुस्तकात होतं. एक मात्र नव्हतं. बोरगावकडून आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आणत होतो. छातीत दुखत होतं. त्यांनी माझं बोट धरून ठेवलं होतं, नातीचं नाव सांगत होते आणि सांगता सांगताच गेले. आम्ही करायचं ते सगळं केलं, पण ते परत आले नाहीत. हॉस्पिटलात त्यांना पोचवून मी गाडीमागं उभी राहिले. रडू येऊ नये म्हणून पिशवीतल्या पट्ट्या मोजत होते. सिस्टरांनी नळाला पाईप जोडला आणि बादली माझ्या हातात दिली. "गाडी धू. रडायचं न्हाय असं कोण म्हटलं न्हाय तुला. पेशंटसमोर न्हाय, आन् घरी नेऊन पण न्हाय. गाडी धुताना रडायचं. पाण्याबरोबर जातंय ते." मी धूत राहिले, रडत राहिले. थोड्या वेळानं बघते तर दुसरी चिंधी घेऊन त्याही चाकाशी बसल्या होत्या. त्यांचाही चष्मा ओला होता.

सिस्टर आता रिटायर होऊन हुबळीला मुलीकडं असतात. अधूनमधून फोन होतो. फोनवर त्या माझी चौकशी कमी आणि माझ्या पाठीची जास्त करतात. त्यांचा निरोपसमारंभ करायचं आम्ही ठरवलं होतं, हारतुरेही आणले होते, पण तो कार्यक्रम राहूनच गेला. शेवटच्या दिवशी दुपारी जांबोटी रस्त्यावरच्या एका गावातून फोन आला. बाळंतपणाची बाई, कळा जोरात. ड्यूटी माझी होती. सिस्टर म्हणाल्या, "चल, मी बी येतो." मला हायसं वाटलं. मागं चढायला मी त्यांच्यासाठी दार उघडून धरलं. पण त्या वळून पुढं गेल्या आणि ड्रायव्हर बसूअण्णांच्या शेजारी जाऊन बसल्या.

बाईला घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेतच मूल आलं. गाडी कडेला थांबली. मुलगी होती. निळसर, गप्प. मी तिला पुसलं, तोंडातलं काढलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. आई विचारत होती, "रडंना का झालीया? काय झालं?" मी तिला म्हटलं, "भिऊ नका," आणि पुन्हा पाठ चोळली. पुढच्या बाजूला एक लहान काच आहे, ती सरकवली की ड्रायव्हरशी बोलता येतं. मी ती सरकवली नाही. तसं सुचलंच नाही. हातात काम होतं. आणि मग ती रडली. एकदा बारीक, मग भोकाड पसरून.

हॉस्पिटलात माय-लेकींना सोपवल्यावर सिस्टरांनी त्या मुलीला पाहिलं, तिच्या आईच्या केसांवरून हात फिरवला आणि निपाणीची बस गाठायची आहे म्हणून निघाल्या. मी फाटकापर्यंत गेले. आपल्याच चालीनं त्या गेल्या.

परत आले तर बसूअण्णा गाडीला टेकून उभे होते. "पोरगी रडत न्हवती तवा माझं काळीज हाललं बघ," ते म्हणाले. "मी म्हटलं, सिस्टर, मागं जावा की, काच तरी उघडून बघा."

"मग?"

"बघितल्या न्हाईत. म्हटल्या, तिथं सिस्टर हाय की."