वायर कुठनं येते ते बघायला

आमच्या कुरुळीतल्या गल्लीत फायबर आलं, तेव्हा मला घरून काम करायला लागून वर्ष होत आलं होतं. चाकणच्या एका कंपनीच्या टूल रूमसाठी मी साच्यांची ड्रॉइंग काढते. आठवड्यातले तीन दिवस कंपनीत जाते, दोन दिवस घरून काम. त्या दोन दिवसांत मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडायचं आणि मोठी फाइल पाठवायची वेळ आली की फोन खिडकीच्या गजाला रबरानं बांधून ठेवायचा, असा माझा कारभार होता. घरात रेंज यायची ती त्या गजापाशीच.

त्यामुळे रस्त्याच्या कडेनं चर खणला गेला आणि त्यात नारिंगी नळी पडली, तेव्हा गल्लीत सर्वांत खूश मी होते. चर बघायला मात्र माझ्याआधी सासरे जाऊन उभे राहिले.

त्यांना आम्ही आबा म्हणतो. ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम त्यांनी उभा जन्म केलं. कुठल्या आळीला किती वाजता पाणी, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कुठली पाइपलाइन कुणाच्या ओट्याखालून गेलीय, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. मग नवी योजना आली, व्हॉल्व्ह बदलले आणि आबा घरी बसले. बसले म्हणायचं इतकंच. कुठं कुदळीचा आवाज झाला की यांच्या पायात चप्पल.

त्याच आठवड्यात दोघं जण दारात आले. पहिल्या एका मोठ्या कंपनीच्या बाई. स्कूटीवरून आल्या, अंगात कंपनीचं जॅकेट, हातात टॅब. दुसरे आमचे नेहमीचे केबलवाले भाऊ. टीव्हीची केबल त्यांचीच होती, आता त्यांनीही फायबर टाकलं होतं. दर दोघांचे जवळपास सारखेच. स्पीडही सारखा. माझं माहेर निगडीचं, तिथं सेक्टरात फायबर येऊन बरीच वर्षं झाली. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, विचार कसला करतेस? मोठी कंपनी घे, मोकळी हो."

मी घेऊनच टाकणार होते. मला फक्त अपलोड किती मिळेल एवढं विचारायचं होतं, कारण मला फाइली उतरवून घ्यायच्या कमी आणि पाठवायच्या जास्त. बाईंनी टॅबवर आकडा दाखवला. तेवढ्यात आबा पुढं सरकले.

"ही तुमची लाइन येती कुठनं?"

"काका, आमचं नेटवर्क सगळ्या भारतात आहे."

"भारताचं ऱ्हाऊ द्या. आमच्या गल्लीच्या तोंडापातुर कुठनं येती?"

बाई हसल्या, पण प्रामाणिकपणे म्हणाल्या, "ते नाही हो मला माहीत. ते काम दुसऱ्या टीमकडं असतं."

त्या गेल्यावर आबा मला म्हणाले, "पोरी, नळ घेताना आपुन टाकी कुठं हाय ते बघतो का न्हाई? मग हे बी बघू की."

मला आधी हसू आलं. मग वाटलं, खरंच, मला तरी कुठं माहीत आहे? दिवसभर मी स्क्रीनवर एकेका मायक्रॉनचा हिशेब ठेवते, ती फाइल जर्मनीतल्या माणसापर्यंत पोचते, आणि ती आमच्या दारातून डावीकडं वळते की उजवीकडं, हेही मला सांगता येत नव्हतं.

रविवारी सकाळी नवरा ओव्हरटाइमला गेला आणि आम्ही दोघं निघालो.

आधी केबलवाल्यांची वायर धरली. ती जमिनीतून नव्हतीच. काळी, बारीक, आमच्या शेजारच्या गच्चीवरून शाळेच्या भिंतीला, तिथून एका शेवग्याला वळसा घालून पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर. आम्ही वर बघत चाललेलो, त्यामुळे लोकही वर बघायला लागले. गिरणीतून एकानं विचारलं, "आबा, काय हरवलं का?" आबा म्हणाले, "न्हाई, सापडतंय का बघतोय."

वायर शेवटी एका सलूनच्या वरच्या खोलीत शिरली. खोली केबलवाल्या भाऊंचीच. आम्हाला बघून ते जरा दचकले. तक्रार घेऊन आलो असं वाटलं असणार. आबांनी येण्याचं कारण सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा असा खुलला की इतक्या वर्षांत ही खोली कुणी हौसेनं बघायला आलंच नव्हतं जणू.

आत लुकलुकणारे डबे, पंखा, खाली दोन बॅटऱ्या. भाऊंनी एक वायर सोलून आतला धागा बाहेर काढला. केसाएवढा.

"ही काच आहे, आबा."

"काच?" आबांनी चष्मा वर ढकलला. "काच वाकती व्हय?"

"एवढी बारीक केली की वाकते. फार दुमडली तर मात्र मोडते."

मग त्यांनी अशा दोन धाग्यांची टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवली. यंत्राच्या पडद्यावर ती पाइपाएवढी जाड दिसत होती. टोकं आपोआप सरकत जवळ आली, एक ठिणगी उडाली आणि दोन्हींचा एकच धागा झाला. मी पडद्याला नाक लावून बघत होते. आमच्या टूल रूममध्ये एवढ्या अचूकतेचं कौतुक सांगून थकत नाहीत, आणि इथं सलूनच्या माडीवर हे रोज चालत होतं.

आबा जोड शोधायला बोट फिरवत होते. "लागत न्हाई हाताला," ते म्हणाले. "आमी पाइप जोडायचो तर सुतळी आन् सफेदा लावून बी गळायचा."

भाऊंनी पेनासारखं काहीतरी काढलं, धाग्याच्या एका टोकाला लावलं आणि दुसरं टोक आबांच्या तळहातासमोर धरलं. "डोळ्यासमोर धरायचं नाही हं." तळहातावर लाल ठिपका पडला. मधला सगळा धागा टेबलावर वेटोळं होऊन पडलेला, आणि उजेड तेवढी वळणं घेऊन इथवर आलेला. आबांनी मूठ मिटली, उघडली. ठिपका तिथंच.

"म्हंजे पाण्याजागी उजेड," ते म्हणाले.

"बरोबर."

"मग तुमच्याकडं कुठनं येतो उजेड?"

भाऊ म्हणाले, "खरं सांगू? हायवेच्या पलीकडं एक मोठी लाइन आहे, तिथून मी घेतो. ती कंपनीही जवळपास तिथूनच आणते. तिथं काही झालं तर दोघांचंही बंद."

विकणाऱ्या माणसानं हे सांगायची काही गरज नव्हती.

तिथून आम्ही कंपनीची लाइन बघायला गेलो. ती जमिनीखालून होती, म्हणून तिची सिमेंटची झाकणं शोधत जावं लागलं. पहिलं गल्लीच्या तोंडाशी, दुसरं ओढ्यावरच्या मोरीपाशी, तिसरं कंपन्यांकडं जाणारे कंटेनर वळतात त्या कोपऱ्यावर. तिथं आबा थांबले.

"हितं? हितं तर आमची लाइन वर्साला फुटायची. कंटेनर वळताना कडा दाबतो. मग जेसीबी आणून उकरायचं." त्यांनी चपलेनं माती उकरून बघितली. "पाण्याची लाइन आन् ही, हातभर बी अंतर न्हाई."

तो कोपरा डोक्यात होताच, म्हणून घरी येऊन मी कंपनीच्या बाईंना फोन केला आणि विचारलं, बंद पडलं तर कसं? त्यांनी सरळ सांगितलं, ॲपवर तक्रार करायची, नंबर लागतो, भोसरीहून माणूस येतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत होऊन जातं. केबलवाल्या भाऊंना हेच विचारलं तर म्हणाले, "मला फोन करायचा. मी नाही उचलला तर खोलीवर या, बघितलीच आहे तुम्ही." अपलोड हवं तेवढं द्यायला ते तयार झाले, आणि मी त्यांना हो म्हणून टाकलं. निगडीचा माझा भाऊ चिडला. म्हणाला, शेवग्यावरून आलेल्या वायरीवर तू जर्मनीला ड्रॉइंग पाठवणार?

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. दीड महिन्यात आमचं नेट एकदा बंद पडलं. शेजाऱ्यांनी वरचा मजला चढवायला घेतला आणि गवंड्यानं वायर कापली. केबलवाले जेवणाच्या सुट्टीआधी यंत्र घेऊन हजर झाले आणि गच्चीवर मांडी घालून जोड मारून गेले. कंपनीची लाइन मात्र अजून एकदाही तुटलेली नाही. आणि त्याला कारण आबाच.

झालं असं की कंपनीला आमच्या मागच्या आळीतही फायबर न्यायचं होतं. त्यांचा ठेकेदार मोरीपाशी उभा राहून पाण्याची लाइन कुठून जाते ते विचारत होता. ग्रामपंचायतीत नकाशा नव्हता. कुणीतरी त्याला आमच्या घरी पाठवलं. आबा शर्ट बदलून बाहेर पडले, ते दुपारी जेवायलाच परतले. हातभर चुना लागलेला. ठेकेदाराच्या माणसांना त्यांनी अख्ख्या रस्त्यावर फक्की मारून लाइन आखून दिली होती, आणि कोपऱ्यावरची नळी उपसून पलीकडच्या कडेला घ्यायला लावली होती.

मी ताट वाढता वाढता म्हटलं, "आबा, तिथं तुटणार म्हणून तर आपण त्यांची लाइन घेतली नाही. आणि तुम्हीच ती नीट करून आलात?"

"अगं, खणताना पाण्याची फुटली आसती की! सगळ्या आळीचं पाणी गेलं आसतं." मग भाकरी मोडता मोडता जरा हळू आवाजात म्हणाले, "त्यो इंजिनिअर मला 'सर' म्हनत हुता."

ते वाक्य त्यांनी संध्याकाळी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी गिरणीतही सांगून आले असावेत.

त्यानंतर एका बुधवारी माझ्या डिझाइनचा मोठा रिव्ह्यू होता. तीन देशांतली माणसं एकाच वेळी पडद्यावर. दीड तास मी बोलत होते, मॉडेल फिरवून दाखवत होते, आणि एकदाही काही अडकलं नाही. आबा दाराशी खुर्ची टाकून कान देऊन बसले होते. मीटिंग संपली, मी पाणी प्यायले, तेव्हा त्यांनी विचारलं, "ती मान्सं बोलाया लागली की आदी काय म्हनत्यात गं, सारखं तेच तेच?"

"आवाज येतोय का, असं विचारतात."

"पर येतुया की चांगला! मला हितं दारात आला."

"सवय लागलीय आबा, सगळ्यांना."

"आस्सं," ते म्हणाले, आणि त्या जर्मन माणसाच्या मागच्या खिडकीत पांढरं काय दिसत होतं, ते विचारायला लागले.