तात्यांचा कापलेला साज

सोमवार : साजवाल्या तात्यांच्या चौकातल्या खोक्यावर, म्हणजे पत्र्याच्या दुकानावर, ते हटवण्याची नोटीस चिकटवली, मुदत शुक्रवार संध्याकाळपर्यंत. बुधवार, सकाळ : खोके उचकटून नेले. जबाबदार : नोटिशीवर सही करणारे विभागीय अधिकारी, अतिक्रमण हटाव पथकाचे मुकादम आणि खोक्याचे पत्रे ट्रॅक्टरवर बांधण्यासाठी तात्यांनी शिवलेला कोरा साज कापणारा कंत्राटदाराचा माणूस.

टांग्याच्या घोड्यांचा साज शिवणारे आमचे तात्या प्रत्येक नवा पट्टा आधी स्वतःच्या छातीवर चढवीत. गिऱ्हाइकाला मागून ओढायला लावून भर चौकात वाकून चालत. लोक हसत. तात्या म्हणत, "हसा की. कुठं टोचतंय ते घोड्याला सांगता येत न्हाई, मला येतंय."

माझ्या वडिलांचा टांगा होता, म्हणून हे मी लहानपणापासून पाहिले. पुढे टांगे गेले, वरातीच्या बग्ग्या उरल्या. तात्यांचा नेम ढळला नाही. एकदा कोडोलीचा बग्गीवाला झगमगीत साज मागायला आला. तात्यांनी आधी घोड्याच्या पाठीवरून हात फिरवला. हाताला ओली जखम लागली.

"पावणं, ही पाठ वाळल्याबिगर साज मिळायचा न्हाई."

"तात्या, लगीन उद्या हाय."

"मग नवरदेवाला चालवत न्या. त्याची पाठ बरी हाय न्हवं?"

तो पुटपुटत गेला. पाठ वाळल्यावर तोच घोडा घेऊन परत आला.

मी वकील नाही, लोकांचे अर्ज लिहून देतो; तरी तात्या मला वकीलसाहेब म्हणत. मी लिहिलेला एखादा अर्ज ऐकून म्हणायचे, "लई आवळलंय. पोटपट्ट्यात दोन बोटं जायाला पायजेत, न्हाईतर जनावर दम कसा घेणार?" मी निमूट दोन विशेषणे काढून टाकी.

आता ते नेसरीला लेकीकडे असतात. परवा भेटलो, तर त्यांनी दाभण हातात धरायचेच सोडले आहे. मी नोटीस पुन्हा वाचून दाखवली, मुदतीवर बोट ठेवले. तात्या एवढेच म्हणाले, "माझंच कायतरी चुकलं असंल. सरकारची माणसं उगंच येतील व्हय?"

हे वाक्य मला मान्य नाही. मुदत शिल्लक असताना खोके कोणाच्या आदेशाने उचलले आणि साजावर सुरी कोणाच्या परवानगीने चालली, याचे उत्तर मला बंद पाकिटातून नको. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच चौकात, तात्यांसमोर उभे राहून, चूक तात्यांची नव्हती, असे चार माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावे. तात्यांना मी घेऊन येतो. दिवस अधिकाऱ्यांनी जाहीर करावा.